पाचटाचा कोळसा

ऊसतोड झाली की रानात उरतं पाचट. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, लवकर कुजतही नाही. मग काडी लावायची आणि मोकळं व्हायचं! धूर मात्र गावभर.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. पाचट पिंपात दाबून भरायचं, पिंप भट्टीत ठेवायचं. आत हवा पुरेशी नसल्यानं पाचट पेटत नाही, नुसतं करपतं. त्यातून निघणारा वायू भट्टीतच जळतो आणि पुढची आच तोच पुरवतो. उरलेली कोळशाची पूड खळीत किंवा शेणात मळून कांड्या पाडायच्या. जळताना धूर जवळजवळ नाही. बंद खोलीत मात्र पेटवू नका, कोळशाचा विषारी वायू दिसत नाही. 2002 साली या कामाला ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

हवामानाशी याचा संबंध काय? उसानं वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेला कार्बन कांडी जळताना हवेत परततो आणि पुढचा ऊस तो पुन्हा ओढून घेतो. दगडी कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं गाडलेला. तो जळाला की हवेत नवीच भर पडते.

पण हिशेब इतका सरळ नाही. उसाला खत, पाणी, डिझेल लागतंच. शिवाय सगळं पाचट उचललं तर जमीन उघडी पडते. खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचटाचं आच्छादन ओल धरून ठेवतं. म्हणून मला विचाराल, तर आधी जमिनीचा वाटा. जे एरवी पेटवूनच दिलं असतं, तेवढं भट्टीचं.