घरातला वर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली, आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी आली. वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या आम्हां प्राध्यापकांना फोनपुढे बसून शिकवावे लागले. झूम, गूगल मीट ही नावे आमच्यापैकी पुष्कळांनी तेव्हाच प्रथम ऐकली.

यंत्र पंधरा दिवसांत हाती आले. अवघड ठरले ते निराळेच. वर्गात मुलींचे डोळेच सांगतात, समजले की नाही. येथे चेहऱ्यांच्या जागी नुसती नावे! कॅमेरा लावा म्हणावे, तर एका खोलीत पाच माणसे; मुलीला संकोच वाटे. पुष्कळ घरांत फोन एकच. दिवसा तो वडिलांकडे, मग धाकट्या भावाच्या शाळेसाठी. ताईची पाळी रात्री. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि तिकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीजच नव्हती. तेथे वेळापत्रक कसले पाळायचे?

नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरस्थ शिक्षण देत आहे. पण त्यासाठी घरी वाचून समजतील अशी पुस्तके मुद्दाम लिहिलेली असतात. आमच्यापाशी तयार काहीच नव्हते. मग मी तासभराचे व्याख्यान सोडले. दहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर धाडू लागले, म्हणजे फोन हाती येईल तेव्हा ऐकता यावे. आठवड्यातून एकदा प्रत्येकीला फोन करी. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुली फोनवर मात्र मोकळेपणी शंका विचारू लागल्या.

आता वर्ग पूर्ववत भरतात. पण ते सुरू झाले तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन मुली आल्याच नाहीत. दरम्यान त्यांची लग्ने उरकली होती. त्यांना धडे पोचले होते, पण अभ्यासाला निवांत वेळ घरात कोणी दिला नाही. तो देणे प्राध्यापकाच्या हाती नसते, भगिनींनो. ते आपल्या हाती आहे. मुलगी पुस्तक वा फोन घेऊन अभ्यासाला बसली, की तेवढा एक तास तिला कामाला हाक मारू नका. आणि दुपारी मंडळाची ही खोली रिकामी असते, ती अभ्यासासाठी मुलींना उघडून द्यावी, एवढी माझी विनंती आहे.