मोटार, बोट आणि पाण्यातली वेस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रवासावर चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली तेव्हा मी जरा बिचकलेच. खरे सांगायचे तर आयुष्यातला बहुतेक प्रवास मी सामानासारखा केला. तिकिटे ह्यांनी काढायची, वेळा ह्यांनी पाहायच्या. मी डबे भरायचे आणि खिडकीशी बसायचे. हे गेले आणि कागदांची पिशवी माझ्या हाती आली. तिने मला पहिला धडा कसा दिला, तेवढेच आज सांगते.

माझी मुलगी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटलला असते. तिथून मोटारीने पोर्ट एंजेलिस बंदराला जायचे, मोटारीसकट बोटीत चढायचे आणि हुआन दे फुका नावाची सामुद्रधुनी ओलांडून कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरी उतरायचे, असा बेत २०२३ च्या उन्हाळ्यात ठरला. बोटीचे नाव 'कोहो'. डिसेंबर १९५९ पासून ती ह्याच पाण्यात ये-जा करते. पोटात शंभरावर मोटारी घेऊन ती दीड तासात पलीकडे जाते. १८४६ च्या तहाने दोन्ही देशांची हद्द पाण्याच्या मधोमध आखली गेली. म्हणजे बोटीत चहा पिता पिता आपण परदेशी पोचतो!

मी म्हटले, "अमेरिकेचा व्हिसा आहे की माझ्याजवळ. दीड तासाच्या पाण्याला आणखी काय हवे?" मुलगी आणि जावई तिथले कायमचे रहिवासी. त्यांना कॅनडाला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणून ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली नाही. निघायला तीन आठवडे उरले असता मी सहज नियम वाचायला बसले, आणि पायांखालची जमीन सरकली. भारतीय पासपोर्टावर पाहुणी म्हणून आलेल्या बाईला कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा हवाच. अर्ज, बोटांचे ठसे, मग पासपोर्ट पाठवणे. एवढे सगळे तीन आठवड्यांत उरकण्याची खात्री देता येईना.

"तुम्ही जा, मी घर सांभाळते," असे मी म्हटले. त्यांनी ऐकले नाही. नातीने बोटीचे चित्र काढून भिंतीला लावले होते, ते तिने न बोलता काढून ठेवले. त्या रात्री मला झोप लागली नाही. 'हे असते तर असे झाले नसते,' हे एकच वाक्य मनात फिरत होते. पहाटे ध्यानात आले की, ह्या वाक्याला टेकून मी फार दिवस बसले आहे. ह्यांना तरी हे सारे कोणी शिकवले होते? तेही वाचूनच करीत होते.

घरी परतल्यावर मी कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज स्वतः भरला, ठसे देऊन आले, आणि व्हिसा हाती आल्यावरच मुलीला तारीख कळवली. मग बाकीचा बेत. उन्हाळ्यात गर्दी फार, म्हणून बोटीवर मोटारीची जागा आधीच राखून ठेवली. मोटारीची नोंदणी आणि कॅनडात चालेल असा विम्याचा कागद जावयांकडून मागून घेतला. जुन्या प्रवासपुस्तकात अ‍ॅनाकोर्टिसहून सिडनीला जाणारी दुसरी एक बोट दिली होती. चौकशी केली तेव्हा समजले की, ती २०२० साली साथीच्या काळात थांबली आणि अजून सुरू झालेली नाही. पुस्तकात दिसते ते आज चालू असेलच, असे धरून चालू नये.

वाटेत हूड कालव्यावर तरंगता पूल आहे. मोठे जहाज आले की तो उघडतो आणि मोटारी खोळंबून राहतात. म्हणून एक तास हाताशी ठेवून निघालो. पूल खरोखरच उघडला, आणि त्या तासाने आमची बोट राखली!

जून २०२४ मधली ती सकाळ. डेकवर वारा असा बोचरा, की भर उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागला. मागे ऑलिंपिक पर्वताची बर्फाची शिखरे, पुढे व्हँकुव्हर बेटाचा हिरवा किनारा. हद्द कुठे आहे म्हणून नात पाण्यात वाकून पाहत होती. तिथे रेघ कसली दिसणार! ती रेघ माझ्या पिशवीतल्या कागदांत होती.

व्हिक्टोरियाला अधिकाऱ्यांनी विचारले, किती दिवस राहणार, बरोबर काय आणले? जावई उत्तर देणार तोच मीच सांगितले, "तीन दिवस. भाजणीच्या चकल्या आणि बेसनाचे लाडू आहेत." फळे आणि रोपे मुद्दाम घेतली नव्हती. सीमेवर त्यांचे नियम कडक असतात. आणि जे असेल ते न लपवता सांगावे, हे बरे.

शहराजवळच बुचार्ट बाग आहे. जेनी बुचार्ट ह्या बाईंच्या यजमानांचा सिमेंटचा कारखाना होता. चुनखडीची खाण संपली आणि घराशेजारी एक उजाड खड्डा उरला. बाईंनी जवळपासच्या शेतांतून घोडागाड्यांनी माती आणवली आणि त्या खड्ड्यातच बाग उठवली. तिच्या काठावर उभी राहून मी बराच वेळ खाली पाहत होते. मुलीने विचारले, "आई, दमलीस का?" मी म्हटले, "नाही गं. परतीच्या बोटीची वेळ आठवते आहे."

माझ्या त्या कागदांची फाईल मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्या भगिनींनी ती जरूर पाहावी. मात्र नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते नव्याने वाचावेत, आणि स्वतः वाचावेत.