अंगठ्याचा ठसा आणि पोरींची चित्रं



आज आपल्या बचत गटाचं रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. पानावर सह्या आहेत आणि दोन-चार जागी अंगठे आहेत. अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला की कातडीच्या वर आलेल्या रेषांना शाई लागते. मधल्या खाचा कोऱ्या राहतात. गटाचा रबरी शिक्काही असाच उमटतो. जे वर राहिलं ते छापलं जातं, जे खाली गेलं ते पांढरं. आमच्याकडे पारोळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, म्हणजे जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या पोरी दर शनिवारी जमतात आणि ह्याच रीतीनं चित्रं छापतात. तेरा ते सतरा वर्षांच्या. त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

हे चित्र कोरतात लिनोवर. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाच्या सालीचा भुसा कालवायचा आणि तागाच्या कापडावर थापायचा, की झाला लिनो. १८६०च्या दशकात इंग्लंडात घरात जमिनीवर अंथरायला तो निघाला. आपण जवसाची चटणी केली, त्यांनी फरशी केली! पुढे चित्रकारांच्या लक्षात आलं की हा लाकडापेक्षा मऊ आहे आणि हात वळेल तिकडे कोरता येतो. गार पडला की कडक होतो, मग थोडा वेळ उन्हात ठेवायचा. आपल्या खान्देशातल्या उन्हाचं एवढं तरी कौतुक करू या.

लिनो आम्हाला तालुक्याला मिळाला नाही तेव्हा जुन्या रबरी चपलांचे तळ कापून घेतले. काम भागलं. आधी पेन्सिलीनं काढायचं, मग कोरणीनं कोरायचं, दुसरा हात कायम कोरणीच्या मागे. काचेवर शाई पसरून रोलर फिरवायचा, तो ठशावरून न्यायचा, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं नाव कोरलं आणि सगळ्यांचं उलटं उमटलं. तो दिवस हसण्यात गेला.

हे शहरातलं फॅड आहे असं समजू नका. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी १९३० साली, दांडीच्या यात्रेच्या वेळी, काठी घेऊन चाललेले गांधीजी लिनोवर कोरले होते. काळ्या पानावर पांढऱ्या रेघा, बाकी काही नाही. तेच नंदलाल बोस १९३६च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला आले होते. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींनी सजावट त्यांच्यावर सोपवली आणि त्यांनी ती बांबूसारख्या गावातल्याच सामानानं केली.

मुंबईत अंधेरीला राहणारे चित्तप्रसाद यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला राबणाऱ्या पोरांची लिनोचित्रं कोरली. फार कळवळ्याची चित्रं आहेत. पण त्यात पोरं गप्प आहेत, बोलतात ते चित्तप्रसाद. आम्हाला जास्त जवळची वाटते ती एलिझाबेथ कॅटलेट, अमेरिकेतली काळी चित्रकर्ती. तिनं १९४६-४७मध्ये मेक्सिकोत राहून पंधरा लिनोचित्रांची एक मालिका केली. कष्टकरी काळ्या बायकांची चित्रं, आणि त्यांची नावं ‘मी’ म्हणून बोलणारी. ते आम्ही उचललं. आमच्या प्रत्येक पोरीच्या चित्राचं नाव ‘मी’पासून सुरू होतं.

सुरुवातीला मात्र सगळ्यांनी दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी काढली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची सवय, तिथे विषय पेपरातच येतो. मग आम्ही विचारलं, तुमच्या घरातली अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्हालाच दिसते? पुढच्या शनिवारी एकीनं एसटीचा पास कोरला, बहिणीचा, दहावीनंतर पुन्हा न काढलेला. एकीनं केळीच्या बागेतला बाप, पाठीवर फवारणीचा पंप. तोंड झाकायला बापाकडे काही नाही, तेही तिनं नीट दाखवलं. एकीनं दोरीवर वाळणारी साडी कोरली. जवळून पाहिलं तर साडीच्या खाली, कोणाला दिसू नये म्हणून वाळत घातलेलं कापड. तिथे बसलेल्या आम्ही बायका गप्प झालो. चाळीस वर्षं आम्ही हेच करत आलो आणि त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

आणि एक पोर ऊसतोडीच्या घरातली. दिवाळीनंतर घरचे कोयता घेऊन गुजरातकडे जातात, होळीनंतर परततात, तिचा वर्ग तोवर पुढे गेलेला असतो. तिनं उसाचा फड कोरला, मोळी बांधणारी आई, कडेवर भाऊ घेतलेली स्वतः आणि एका कोपऱ्यात शाळेचा रिकामा बाक. चित्र आम्ही भिंतीवर लावलं. तिची माय आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आमनी गरिबी भीतवर काब्र लावतस?”

बाई काही खोटं बोलत नव्हती. गोष्ट पोरीची, पण चेहरा आईचा. आणि छापलेलं चित्र एकच नसतं. एका ठशातून पन्नास प्रती निघतात, त्या पन्नास घरांत जातात. कोणी म्हणेल, मग असले विषय नकोच. आम्हाला ते पटत नाही. अशानं पोरी पुन्हा डोंगर आणि सूर्य काढतील. पण पोरीचं खरं आहे म्हणून आईला विचारायचंच नाही, हेही बरोबर नाही.

आम्ही चित्र उतरवलं आणि ठसा पोरीच्या हातात दिला. लिनोवर एकदा कोरलेलं परत भरता येत नाही, पण आणखी कोरता येतं. दोन आठवडे तिनं त्याला हात लावला नाही. तिसऱ्या शनिवारी येऊन तिनं आईचा चेहरा कोरून काढला, नुसता चेहरा. पदर तसाच, हात तसेच, मोळी तशीच, पदराच्या आत कोरा कागद. बाक तिनं हलवला नाही. नवी प्रत भिंतीवर लागली. माय पुन्हा आली, काही बोलली नाही, एक प्रत मागून घेतली. ती तिनं घरात लावली की पेटीत ठेवली, आम्ही विचारलं नाही.

तेव्हापासून ठसा पोरीकडेच राहतो. प्रती किती काढायच्या ते ती ठरवते. घरातलं माणूस ओळखू येत असेल तर पहिली प्रत त्या माणसाला दाखवायची, मग भिंतीवर. कोणा पाहुण्यांना किंवा मीटिंगला चित्र न्यायचं असेल तर गटानं तिला विचारायचं. सरपंच मागत असले तरी विचारायचं.

तुमच्या गावात करून बघायचं असेल तर कोरणी हातात देण्याआधी भेंडी आणि बटाट्याचे ठसे काढून बघा. केळीच्या पानाचा दांडा आडवा कापला तर आतली जाळी फार सुंदर उमटते, आणि रावेर-यावलकडे त्याला पैसे पडत नाहीत. चपला गोळा कराल तेव्हा जाड तळाच्या घ्या. पातळ तळ कोरणीनं आरपार फाटतो.