अटकेआधी नोटीस



मी वकील नाही. शाळेत इतिहास व नागरिकशास्त्र शिकविणारा एक सामान्य शिक्षक आहे. तरीही आज मी कायद्याच्या एका कलमाविषयी बोलणार आहे. ते कलम मला वेळेवर ठाऊक असते, तर माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वर्ष कदाचित वाचले असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून आयटीआयमध्ये गेलेला तो मुलगा. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेली. बसथांब्यावर दोन टोळक्यांत धक्काबुक्की झाली, एकाचे डोके फुटले आणि फिर्यादीत इतरांबरोबर याचेही नाव आले. रात्री त्याचे वडील माझ्या दारी आले. "सर, तुम्ही चला. तुमचा शब्द ऐकतील." मी म्हणालो, "सकाळी बघू." खरे सांगायचे तर मला भीती वाटली. शिक्षकाचे नाव अशा प्रकरणात नको, असे वाटले. मुलगा रात्रभर कोठडीत राहिला. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. परंतु तोवर त्याची प्रात्यक्षिक परीक्षा होऊन गेली होती. पुढे खटल्यात तो निर्दोष सुटला. वर्ष मात्र गेले ते गेलेच.

त्यानंतर मी कायद्याची पुस्तके उघडली. तेव्हा कळले की, फिर्याद झाली म्हणजे अटक झालीच पाहिजे, हा आपला समजच मुळी चुकीचा आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नंतर 41-अ हे कलम घालण्यात आले व ते 2010 साली अमलात आले. अटकेची गरज नसेल तेथे पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे ते सांगते. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या कलम 35 मध्ये हीच तरतूद आहे.

2014 साली अर्णेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्पष्ट केले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करावयाची नाही. पुन्हा गुन्हा घडण्याचा, पुरावा नष्ट होण्याचा, साक्षीदारांना धमकावण्याचा किंवा आरोपी हजर न राहण्याचा धोका आहे काय, अथवा तपासासाठी अटक आवश्यक आहे काय, हे पाहून कारण लेखी नोंदवावयाचे. दंडाधिकाऱ्यांनीही ते कारण तपासल्याशिवाय कोठडी द्यावयाची नाही. नव्या संहितेत आणखी एक तरतूद आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी दुर्बल किंवा साठ वर्षांवरील असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याला अटक करता येत नाही.

हा विचार केवळ आपल्याच देशातला नव्हे. 1964 साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात किरकोळ गुन्ह्यांतील माणसाची घरदार-नोकरीची चौकशी करून, त्याला कोठडीऐवजी समन्स देऊन घरी सोडण्याचा प्रयोग सुरू झाला. परंतु त्याच देशात 1997 साली टेक्सासमध्ये मोटारीत आसनपट्टा न लावल्याबद्दल एका आईला बेड्या घालून नेण्यात आले. त्या गुन्ह्याला दंड होता जास्तीत जास्त पन्नास डॉलर! 2001 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अटक घटनेला धरूनच असल्याचे ठरविले. म्हणजे अधिकार असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्याची गरज असणे ही दुसरी. आपल्या न्यायालयाने हा भेद 1994 सालीच जोगिंदर कुमार खटल्यात सांगितला होता.

कोणी विचारील, मग ज्याचे डोके फुटले त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. नोटीस म्हणजे माफी नव्हे. तपास होतो, खटला चालतो, गुन्हा शाबीत झाला तर शिक्षाही होते. फक्त शिक्षा निकालानंतर होते, निकालाआधी नाही. आणि कोठडीतली जागा व पोलिसांचा वेळ खऱ्या धोकादायक माणसांसाठी मोकळा राहतो.

मित्रहो, या सवलतीला एक अट आहे, ती नीट ध्यानात ठेवा. नोटीस आली तर ती चुकवू नका. ठरल्या दिवशी हजर राहा, नोटिशीची प्रत जपून ठेवा. हजर राहणाऱ्याला, लेखी कारण नोंदविल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. परंतु जो हजर राहत नाही किंवा आपली ओळख सांगत नाही, त्याला अटक होऊ शकते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याने महिला, मुले, कोठडीतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत मदतीचा हक्क दिला आहे.

आणि शिक्षक बंधूंनो, आपण दरवर्षी शेकडो दाखल्यांवर 'वर्तणूक चांगली' असे लिहितो. एखाद्या रात्री कोणी पालक दारी आला, तर तेच शब्द ठाण्यात जाऊन सांगण्याची हिंमत आपल्यात हवी. मुलगा येथलाच आहे, घर माहीत आहे, बोलावल्यावर येईल, एवढेच तर सांगावयाचे असते. त्या रात्री मी ते सांगितले नाही. आता मात्र 'सकाळी बघू' असे मी कोणालाही म्हणणार नाही, एवढे आपणा सर्वांसमोर सांगतो आणि आपली रजा घेतो.