डॉक्टर कोटणिसांचा मार्ग

आपल्या सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेले द्वारकानाथ शांताराम कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते, तेव्हा जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला वैद्यकीय पथक धाडण्याचे काँग्रेसने ठरविले. पुढची पदवी, तिच्यामागून येणारा हुद्दा आणि घराने लेकावर बांधलेल्या आशा यांचा विचार त्यांच्या मनात आलाच नसेल, असे मला वाटत नाही. तरीही 1938 साली डॉक्टर अटल यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या पाच जणांत ते सामील झाले. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना चीनमध्येच कळली. पुढे सहकारी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस आणि पथकातीलच डॉक्टर बसू मात्र तेथेच राहिले.

रणभूमीवर सलग 72 तास निद्रेवाचून त्यांनी शस्त्रक्रिया केल्याची हकीकत सांगितली जाते, आणि ती थोर आहेच. मला मात्र त्याहून विलक्षण वाटते ती त्यांनी चिनी भाषेसाठी घेतलेली मेहनत. परदेशी डॉक्टरला दुभाष्याकरवी निभावून नेता आले असते आणि त्याबद्दल कोणी त्यास बोलही लावला नसता. पण कोटणिसांनी ती अवघड भाषा इतकी आत्मसात केली की तेथील तरुणांना ते तिच्यातूनच शल्यशास्त्र शिकवू लागले. एकटा वैद्य जखमा शिवून शिवून किती शिवणार? आपल्या माघारी त्या शिवू शकतील असे हात घडविण्यात ज्याने आपली विद्या खर्च केली, त्याने स्वतःच्या नावलौकिकाची चिंता केव्हाच मागे टाकलेली असते. कर्तृत्वाने मिळणारे समाधान खोटे नव्हे, पण ते एका माणसापाशी सुरू होऊन त्याच्यापाशीच संपते.

1941 साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी कुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि पुढल्या वर्षी पुत्रप्राप्ती झाली. पण मूल अवघे काही महिन्यांचे असताना, 9 डिसेंबर 1942 रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

सोलापुरातील त्यांचे जन्मघर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. परीक्षांचे निकाल लागण्याच्या दिवसांत आपल्या मुलांना तेथे एकदा अवश्य घेऊन जा.