जास्तींत जास्त किती?

परीक्षेच्या गणितांत ‘जास्तींत जास्त किती?’ हे शब्द दिसले कीं पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात. बेरीज-वजाबाकीचें उदाहरण ठराविक वाटेनें जातें. येथें मात्र अनेक उत्तरें संभवतात आणि त्यांतून एकच निवडावयाचें असतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील घरांना गणिताचें कौतुक जुनें आहे. दापोलीजवळील मुर्डी गांवीं 1876 सालीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत बर्टविसल या विद्यार्थ्याच्या बरोबरीनें पहिले आले, आणि ‘रँग्लर परांजपे’ हें नांव महाराष्ट्राच्या तोंडीं बसलें. आजच्या मुलांची कसोटी निराळी आहे. 2025 सालीं अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीं झालेल्या राज्याच्या सीईटी परीक्षेंत गणिताच्या 50 प्रश्नांना 90 मिनिटें होतीं. म्हणजे एका प्रश्नाच्या वांट्यास 108 सेकंद. तेवढ्या वेळांत चांचपडत बसणें परवडत नाहीं. पद्धत आधींच अंगवळणीं पडलेली असावी लागते.

एक घरगुती उदाहरण घ्यावें. 25 हापूस आंबे पांच मुलांत वांटावयाचे आहेत. आंबा कापावयाचा नाहीं आणि प्रत्येकास निदान एक मिळालाच पाहिजे. तर एकाच मुलाच्या वांट्यास जास्तींत जास्त किती येतील? एकास अधिक देण्याचा मार्ग एकच : इतरांस कमींत कमी देणें. चौघांस एकेक दिला कीं पांचव्यास 21 उरतात. आतां ‘कोणतेहि दोन वांटे सारखे नसावेत’ एवढी अट घातली, तर चौघांस 1, 2, 3 आणि 4 द्यावे लागतात. ते 10 झाले, म्हणून पांचव्यास 15. याहीपुढें ‘वांटे चढत्या क्रमानें मांडले असतां मधला वांटा 5 असावा’ असें सांगितलें, तर त्याच्या खालीं 1 व 2 चालतील, पण त्याच्या लगत वर निदान 6 हवेत. 1, 2, 5 आणि 6 मिळून 14 होतात; उरतात 11. आंबे तेच, मुलें तींच. परंतु एकेका अटीनें उत्तर 21 वरून 15 वर आणि 15 वरून 11 वर आलें. म्हणून आंकडेमोड करण्यापूर्वीं काय कायम आहे, काय बदलूं शकतें आणि बदलणारें किती खालीं जाऊं शकतें, हें पाहून घ्यावें.

दुसरा प्रकार क्षेत्रफळाचा. परसांत जांभ्या दगडाच्या सरळ, लांब भिंतीस लागून भाजीसाठीं आयताकृति जागा आंखावयाची आहे. तारेचें कुंपण 40 मीटर आहे आणि भिंतीच्या बाजूस त्याची गरज नाहीं. मोठ्यांत मोठें क्षेत्रफळ किती? ‘चौरस सर्वांत मोठा’ एवढेंच पाठ केलेला विद्यार्थी 40 ला 3 नें भागतो व सुमारें 178 चौरस मीटर हें उत्तर काढतो. तें चुकतें, कारण तो नियम चारहि बाजूंस कुंपण असतांना लागू पडतो. भिंत हा आरसा आहे अशी कल्पना करावी. आरशांतील जागा धरून दुप्पट जागेस 80 मीटर कुंपण झालें. आतां चौरसाचा नियम खुशाल लावावा : बाजू 20 मीटर, क्षेत्रफळ 400. भिंतीच्या अलीकडचा अर्धा भाग 20 मीटर लांब व 10 मीटर रुंद. क्षेत्रफळ 200 चौरस मीटर.

चौरसच मोठा कां, हेंहि फळ्यावांचून समजण्याजोगें आहे. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गांतून त्यांच्यामधील अंतराचा वर्ग वजा केला कीं त्यांच्या गुणाकाराची चौपट उरते. बेरीज कायम असेल, तर अंतर जितकें कमी तितका गुणाकार मोठा. अंतर शून्य झालें कीं तो कळसास पोंचतो. ख्रिस्तपूर्व 300 च्या सुमारास युक्लिडानें आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागांतील 27 व्या सिद्धांतांत याच आशयाची गोष्ट भूमितीनें सिद्ध केली आहे.

मात्र कळस ठरला म्हणजे काम संपलें असें नव्हे. ज्यांची बेरीज 25 आहे अशा दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार जास्तींत जास्त किती? वरील नियमानें दोन्ही साडेबारा, आणि गुणाकार 156.25. परंतु साडेबारा ही पूर्ण संख्या नव्हे. 12 आणि 13 घेतल्या कीं खरें उत्तर 156 येतें. छापील पर्यायांत दोन्ही आंकडे शेजारीं असले, तर घाईनें मोठा निवडणाराचे गुण जातात.

तेव्हां अशा प्रत्येक उत्तरास दोन प्रश्न विचारावे. याहून अधिक कां होऊं शकत नाहीं? आणि एवढें प्रत्यक्ष मिळतें काय? ज्या आईबापांचें गणित शाळेबरोबरच सुटलें, त्यांनाहि हे दोन प्रश्न मुलास विचारतां येतील. मूल पहिल्याचें कारण सांगूं लागलें, कीं तें पाठांतर सोडून विचार करूं लागलें असें समजावें. दुसऱ्याचा ताळा तर स्वयंपाकघरांतहि घेतां येतो : 1, 2, 5, 6 आणि 11 असे पांच ढीग मांडावे, व आंबे बरोबर 25 भरतात कीं नाहींत हें मुलाकडूनच मोजून घ्यावें.