दाराबाहेरची माता
(ज्युबिलीप्रसंगीं करकंब येथें केलेलें भाषण)



आज आनंदाच्या दिवशीं, आपलें मूल मध्येंच ओरडेल या भयानें देवळाच्या दाराबाहेर उभी राहणारी माता आपण आठवूं या. स्वमग्नता ही जन्मजात असते. तिचा दोष मातेचा नव्हे. एके काळीं मोठमोठे पंडितही आईच्या थंडपणासच बोल लावीत. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना येथें एरिक शॉप्लर यांनीं हा समज खोडून काढिला, आईबापांस सहशिक्षक केलें, आणि १९७२ सालीं त्यांचें कार्य त्या राज्यभर सुरू झालें.

त्यांच्या पद्धतीचें मर्म सोपें आहे. बोललेला शब्द विरतो. चित्र डोळ्यांपुढें टिकतें. म्हणून दिवसाचीं कामें चित्रांनीं ओळीनें मांडावीं. प्रत्येक कामास ठराविक जागा असावी. काम किती, तें केव्हां संपेल व पुढें काय, हें मुलास दिसावें.

पवित्र मिस्सेचा क्रम तर ठरलेलाच आहे. क्रूसाची खूण, वाचन, अर्पण, ख्रिस्तप्रसाद, आशीर्वाद, अशीं पांच चित्रें आपण त्या मुलाच्या हातीं देऊं. एक बाक त्याच्यासाठीं राखूं. आणि तें ओरडलें तरी मागें वळून पाहणार नाहीं. त्या मातेस आंत आणणें हेंच आपल्या ज्युबिलीचें खरें अर्पण होय.